घामाने निथळत असतानाही होतो तो उष्माघात : कोकणासाठी प्रथमोपचार

देवगडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमची हापूसची बाग आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी काढणी चालू होती आणि एक गडी झेल्यातून (काठीच्या जाळीतून) काढलेले आंबे क्रेटमध्ये न ठेवता क्रेटच्या शेजारी, कातळावर मांडत होता. एकेक, अगदी हळुवार. "अरे, क्रेट हयसर आसा," म्हणून कोणीतरी हसलं. तोही हसला आणि म्हणाला, "माका काय होऊक नाय." तुला काय झालंय असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला होता. पाच मिनिटांनी तो तिथंच बसला आणि मग एका कुशीवर कलंडला.

त्या दिवशी आम्ही जवळजवळ सगळंच चुकीचं केलं. त्याला उचलून मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) नेलं, म्हणजे पत्र्याखालच्या भट्टीत. भोवती दहा जणांनी कोंडाळं केलं. एकाने कांदा फोडून नाकाला लावला, मी स्वतः साखरेचं पाणी त्याच्या तोंडात ओतायला बघत होतो. योगायोगाने वाडीत आलेल्या आरोग्यसेविका ताई धावत आल्या, त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला आणि "पंप चालू करा" एवढंच म्हणाल्या. गडी वाचला. हे सगळं नीट शिकून घेतलं पाहिजे, हे मला त्या दिवशी कळलं.

पारा चौतीसच असतो, मग होतं काय?

उष्माघात म्हणजे चंद्रपूर-नागपूरकडचं दुखणं, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. आपला पारा बत्तीस-चौतीसवर असतो, क्वचित सदतीस-अडतीसला टेकतो. हवामान खातं मात्र किनारपट्टीला वेगळा नियम लावतं. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट ठरवताना पारा किमान ४० अंशांवर लागतो, किनाऱ्यावर ३७ अंश पुरतात. मात्र ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवेत. ही सवलत दमटपणामुळे आहे.

शरीर थंड होतं ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. एक लिटर घाम अंगावर वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम कोपरावरून टपकून मातीत पडला तर काहीच नेत नाही, उलट अंगातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं. आपल्या हवेत आधीच बाष्प इतकं असतं की घाम वाळायला जागाच उरत नाही. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असली की शरीराला ते ४१ अंशांसारखं लागतं. ३४ अंशांना हाच आकडा ४७च्या घरात जातो. आणि हे सावलीतलं गणित झालं. उघड्या कातळावर, वरून ऊन आणि खालून तापलेला जांभा, तिथं त्यात आणखी भर पडते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की आपण सुटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी जमिनीवरचा मतलई वारा दुपार झाली तरी हटत नाही, खारा वारा अडून राहतो आणि पारा एकदम चढतो. तेव्हा अंगाला उन्हाची सवय झालेली नसते. त्यामुळे मे महिन्यापेक्षा मार्चमधला असा एखादा दिवस मला जास्त घातक वाटतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो लोक मोकळ्या मैदानात बसले होते. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. पारा त्या दिवशी चाळिशीला पोचलेला नव्हता.

थकवा कुठे संपतो आणि घात कुठे सुरू होतो

पहिली पायरी म्हणजे उष्णतेचा थकवा, ज्याला डॉक्टर हीट एक्झॉशन म्हणतात. भरपूर घाम, चेहरा उतरलेला, कातडी ओली आणि गारसर, डोकं ठणकणं, मळमळ, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, नाडी जलद. पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात. लघवी कमी आणि गडद होते. अंगात ताप असला तरी साधारण १०४ फॅरेनहाइटच्या आत. माणूस वैतागलेला असतो, पण बोलणं जाग्यावर असतं.

दुसरी पायरी उष्माघात, हीट स्ट्रोक. शरीराचं आतलं तापमान १०४ फॅरेनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सिअसच्या वर जातं आणि मेंदू बिघडायला लागतो. असंबद्ध बोलणं, जीभ जड होणं, उगाच चिडणं किंवा उगाच हसणं, झोकांड्या, झटके, बेशुद्धी.

शाळेत शिकवतात की उष्माघातात घाम थांबतो आणि कातडी कोरडी, लाल, चटका बसेल अशी होते. हे खरं आहे, पण बहुतेक करून घरात बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत. काम करता करता कोसळणारा माणूस घामाने चिंब असू शकतो. आमचा गडी होता तसा. म्हणून घामाकडे बघून निवाडा करू नका.

काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नका. घामाने ओल्या काखेत तो आतल्या तापमानापेक्षा कमीच दाखवतो. खरा आकडा गुदद्वारातून घेतलेला, आणि ते दवाखान्याचं काम. आपल्या हातात आहे ती डोक्याची परीक्षा. मी तीन गोष्टी करतो. आज वार कुठला ते विचारतो. सकाळी न्याहारीला काय होतं ते विचारतो. उत्तर खरं की खोटं हे सोबतच्या गड्याला माहीत असतं. मग दहा पावलं सरळ चालून दाखवायला सांगतो. "माका बरां वाटता" हे उत्तर मी धरत नाही, कारण बिघडलेला मेंदूही तेच सांगतो. या तिन्हींत कुठेही अडखळला तर उष्माघात समजायचं आणि कामाला लागायचं. चुकून जास्त थंड केलं तर एवढ्या उकाड्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

नुसता थकवा असेल तर

काम तिथंच थांबवा. "एवढं कलम उरकून येतो" चालणार नाही. सावलीत न्या, पण सावली म्हणजे पत्र्याची शेड नव्हे. आंब्याची, फणसाची गर्द सावली किंवा घराची वारा लागणारी पडवी. आडवं करून पाय वीतभर उंच ठेवा. बूट, पट्टा, डोक्याला घट्ट बांधलेला पंचा काढा. शर्ट काढून अंग पाण्याने पुसा आणि वारा घाला. पंखा नसेल तर सूप किंवा क्रेटमधला पुठ्ठा चालतो.

मग पिणं. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि उलट्या होत नसतील तरच, घोट घोट. एकदम तांब्याभर घशात ओतला तर उलटी होते. सगळ्यात चांगलं ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचं; "थोडंसं टाकलं पेल्यात" असं अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. चव डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागली तर मीठ जास्त झालं.

आपल्या स्वयंपाकघरातही यातलं बरंच आहे आणि त्यात मला पेज सगळ्यात वर वाटते. तांदळाची पातळ पेज आणि त्यात चवीपुरतं मीठ, म्हणजे पिष्ट, पाणी आणि सोडियम एकत्र. तांदळाच्या पिठाचं ओआरएस वैद्यकातही मान्य आहे. आमच्याकडे गड्यांना सकाळी दहाला पेज देण्याची जुनी रीत होती, मधल्या काळात तिची जागा चहा-बिस्किटाने घेतली. आता ती परत आणली आहे. कोकमाचं म्हणाल तर आगळ आणि अमृत कोकम यांत फरक करा. आगळात मीठ मुरलेलं असतं, त्यात पाणी आणि साखर घातली की उन्हाला उत्तम. अमृत कोकम नुसतं साखरेचं, त्यात चिमूटभर मीठ घालावं लागतं. ताक मीठ घालून. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं, त्यामुळे घामावर ते एकटं पुरत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. पोटऱ्यांत गोळा आला असेल तर पाय हळूच ताणून धरा आणि खारट पेय द्या.

घड्याळ लावा. अर्ध्या तासात माणूस तरतरीत झाला नाही, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बोलणं बदलायला लागलं, तर दवाखाना. तरतरीत झाला तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात पाठवू नका. दुसऱ्या दिवशीही हलकं काम द्या.

उष्माघात असेल तर : आधी गार करा, मग न्या

इथं सगळी मदार वेळेवर आहे. अर्ध्या तासाच्या आत तापमान १०२ फॅरेनहाइटच्या आसपास खाली आलं तर माणूस बहुधा वाचतो. आपल्याकडे सड्यावरून गाडीपर्यंत, गाडीतून घाटी उतरून दवाखान्यापर्यंत यातच तासभर जातो. गाडीत घालून पळवायची घाई होते, पण त्या तासात मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड आतून भाजत असतात. म्हणून एकाने १०८ ला फोन करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. फोनवर वाडीचं नाव, जवळची खूण आणि फाट्यावर गाडीला वाट दाखवायला कोण उभं आहे ते सांगा.

जवळ जे थंड पाणी असेल ते घ्या. ताजं उपसलेलं विहिरीचं पाणी अंगापेक्षा कितीतरी गार असतं. पण कातळावर पसरलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी चहाचं आधण म्हणून चालेल इतकं कढत येतं! पाइप आधी बाजूला सोडा, हाताला गार लागलं की मगच अंगावर धरा. स्लॅबवरच्या टाकीचं पाणी दुपारी वापरूच नका. कपडे उतरवा, बाईमाणूस असेल तर वरून पातळ ओली साडी टाका, पण लाजेपोटी थांबू नका. डोक्यापासून पायापर्यंत सतत पाणी मारा आणि सोबत जोरात वारा घाला. आपल्या दमट हवेत घाम आपसूक वाळत नाही, तेवढा वारा आपल्यालाच पुरवावा लागतो.

बर्फ मिळाला तर फार उत्तम, आणि या बाबतीत किनाऱ्यासारखी श्रीमंती कुठे नाही. बंदरावर बर्फाचा कारखाना, मासेवालीच्या टपात बर्फ, ट्रॉलरच्या खणात बर्फ. मासळीचा वास लागला म्हणून कोणी मरत नाही. एक मजबूत ताडपत्री पसरा, माणसाला मध्ये निजवा, चौघांनी कडा उचलून धरा म्हणजे होडीसारखा खोलगट आकार होईल. त्यात शंभर-दीडशे लिटर पाणी आणि जमेल तितका बर्फ घाला आणि कडा हलवत पाणी अंगावर खेळतं ठेवा. एकाने फक्त डोकं धरायचं, नाक-तोंड पाण्याच्या वर. ही पद्धत परदेशात धावपटू आणि सैनिकांसाठी वापरतात. बर्फाच्या पाण्यात साधारण पाच मिनिटांना एक अंश सेल्सिअस या वेगाने तापमान उतरतं, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत बरंच काम होतं. एवढी तयारी नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले पंचे अंगभर टाका आणि दर दोन मिनिटांनी बदला, कारण अंगावर पडून राहिलेला पंचा लगेच कोमट होतो. मान, काखा आणि जांघांत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्याच, पण तेवढ्यावर भागवू नका.

"तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी घातलं तर हृदय बंद पडेल" असं म्हणणारी एखादी वडीलधारी व्यक्ती तिथे असतेच. भांडत बसू नका, पण ऐकूही नका. तापमान चढलेलं राहणं हाच मोठा धोका आहे. फार वृद्ध किंवा हृदयविकाराचा माणूस असेल तर बर्फात बुडवण्यापेक्षा पाण्याचा फवारा आणि वारा बरा, पण थंड करणं थांबवायचं नाही.

बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे उलटी छातीत जाणार नाही. ताडपत्रीत निजवलं असेल तर उलटी येताना डोकं एका बाजूला करा. झटके आले तर हातपाय दाबून धरू नका, दातांत चमचा-चप्पल काही घालू नका. श्वास बंद पडला तर छातीच्या मधोमध जोरात आणि जलद दाब द्यायला सुरुवात करा, मिनिटाला १०० ते १२०. थंड करणं थांबवायचं ते माणूस थरथरायला लागला किंवा ठिकाणावर येऊन नीट बोलायला लागला की. मग पुसून गाडीत घ्या. वाटेत खिडक्या उघड्या किंवा एसी पूर्ण, आणि ओले पंचे चालूच.

आता न करायच्या गोष्टी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी, साखर, औषध काहीही नाही. पॅरासिटामॉल नाही: तापात शरीर स्वतःच आपला काटा वर सरकवतं, गोळी तो काटा खाली आणते, उष्माघातात काटा जाग्यावरच असतो, थंडावा कमी पडलेला असतो, त्यामुळे गोळीचा उपयोग शून्य आणि आधीच पोळलेल्या यकृतावर बोजा. अ‍ॅस्पिरीनही नाही, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. दारू, ताडी, कडक कॉफी नाही. कांद्याने कोणाचं तापमान उतरत नाही. खिशात ठेवायचा तर ठेवा, पण तो फोडण्यात मिनिटं घालवू नका.

एक सावधगिरी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस घामाने भिजून बरळायला लागला तर साखर उतरलेली असू शकते. घरी ग्लुकोमीटर असेल तर बोटाला टोचून बघा, पण पाणी मारणं चालू ठेवून. एकाच बाजूचा हातपाय लुळा, तोंड वाकडं किंवा छातीत कळ असेल तर फोनवर ते लगेच सांगा.

शुद्धीवर आला तरी दवाखाना

आमचा गडी अर्ध्या तासात उठून बसला आणि बिडी मागायला लागला. "आता कशाला डॉक्टर?" असं त्याच्यासकट सगळ्यांचं मत होतं. पण यकृत आणि मूत्रपिंडाची इजा पुढच्या एक-दोन दिवसांत वर येते. लघवी चहासारखी किंवा कोकमाच्या पाण्यासारखी झाली तर स्नायू तुटून त्यांचा रंग उतरतोय असं समजा. रक्ताच्या तपासण्या लागतातच. डॉक्टरांना कधी कोसळला, काय काम करत होता, किती वेळ थंड केलं, झटके आले का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, शेवटची लघवी कधी झाली, एवढं सांगता आलं पाहिजे.

कोणावर नजर ठेवायची

सगळ्यात आधी नव्या माणसावर. उन्हात काम करायची सवय अंगाला व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. बागेत नवीन आलेला गडी, चिरेखाणीवर परगावाहून आलेला कामगार, एसीतून उठून मे महिन्यात गावी आलेला चाकरमानी. नव्याला पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. टेनिस क्रिकेटच्या सामन्यात भर दुपारी उतरलेल्या पुतण्यालाही हेच लागू.

मग म्हातारी माणसं. ती उन्हात जात नाहीत, पण वरती पत्रा किंवा तापलेला स्लॅब आणि रात्रीही न उतरणारा उकाडा यांत चार दिवसांत खचतात. तहान लागत नाही, लघवीला उठावं लागेल म्हणून पाणीही कमी पितात. रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी, बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी), मानसिक आजारावरची किंवा अ‍ॅलर्जीची काही औषधं शरीराचं थंड होणं अडवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, उन्हाळा लागताच डॉक्टरांना विचारून घ्यायचं. एकटी राहणारी काकी असेल तर दिवसातून दोनदा हाक मारा, आणि "बरी आसंय" एवढ्यावर न परतता दोन वाक्यं बोलून बघा.

होडीवर सावली नसते, शिवाय पाण्याचा परावर्तित उजेड. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) खलाशांच्या पाण्याचा कॅन जाळ्याइतकाच मोजून घ्यावा. लग्नाच्या मांडवात त्रास होतो तो वाजंत्र्यांना आणि चुलीजवळच्या आचाऱ्यांना. पाहुण्यांना सरबत फिरतं, त्यांच्यापर्यंत कोणी नेत नाही.

आमच्या बागेत आता काढणी पहाटे सहाला सुरू होते, अकराला थांबते आणि उरलेली साडेतीननंतर. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान असो नसो. मात्र तासाला दीड लिटरच्या वर नको, कारण नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस तसाच बरळायला लागतो. गडी जोडीने काम करतात आणि एकमेकांवर नजर ठेवतात. फवारणीच्या दिवशी अंगभर झाकलेलं असतं म्हणून वेळ निम्मी.

मांगराच्या दाराशी एक प्लॅस्टिकची पेटी आहे. तिच्यात ओआरएसची दहा पाकिटं, खूण केलेली लिटरची बाटली, सहा पंचे, थर्मामीटर आणि झाकणाच्या आतून चिकटवलेला फोन नंबरांचा कागद. सर्वात वर १०८, मग रिक्षावाला, मग बंदरावरचा बर्फवाला. ताडपत्री पेटीखाली घडी करून ठेवलेली असते. ती मात्र आंबे झाकायला कोणी उचलून नेली नाही ना, हे रोज सकाळी बघावं लागतं.